पांढऱ्या पहाडीच्या मातीचा वास

नाकाडोंगरीला मी जंगलातल्या मातीतले जिवाणू गोळा करायला गेले होते. गावात कुणी विचारलं की मी हेच सांगायचे, आणि समोरचा माणूस म्हणायचा, "मंग कंपनी येनार काय इथं?" तुमसरच्या त्या भागात जमिनीखालून मँगनीज निघतं. परकं माणूस माती तपासायला आलं की लोकांना आधी खाण आठवते. "नाई, कंपनी नाई," मी म्हणायचे. त्यानंतर त्यांना माझ्यात रस उरत नसे.

माझं स्वतःचं गाव याच भंडारा जिल्ह्यातलं, पण पार दुसऱ्या टोकाचं, पवनीकडचं कोंढा. बोली तीच, धान तेच. तरी इथे मी 'पवनीकडची बाई'. कोंढ्यातही आता माझं कुणी राहिलं नव्हतं. आई मी लहान असतानाच गेली, बाबा मी नाकाडोंगरीला येण्याच्या आदल्या वर्षी गेले, भाऊ कॅनडात. शेत चुलतभाऊ करतो. लग्न केलं नाही. ठरवून नाही, होता होता राहून गेलं. नागपूरच्या प्रयोगशाळेत सरांनी "तिकडे जाऊन राहायला कोण तयार आहे?" असं विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला घरी कुणाला विचारायचं नव्हतं.

गावाबाहेर सागाच्या जंगलात चुनखडीची एक टेकडी आहे. लोक तिला नुसतीच पांढरी पहाडी म्हणतात. भोवतालची जमीन मुरमाड, तांबूस. पहाडीवर मात्र साखरेसारखा रवाळ पांढरा दगड वर आलेला, आणि दगडांच्या फटींमध्ये ओंजळ-ओंजळ काळी माती. तिथे साग नीट धरत नाही. सालई आणि कुलू ही दोन झाडं तेवढी दगडाला मुळ्यांनी कवटाळून उभी असतात. त्या मातीच्या चिमटीवर पातळ आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते. खालच्या मुरमाला असं काही होत नाही. दोन्ही जमिनी एकमेकींना लागून, पाऊस तोच, ऊन तेच. तरी त्यांच्या पोटातली वस्ती वेगळी. ती किती वेगळी हे आम्हाला बघायचं होतं. मातीतल्या सगळ्या जिवाणूंची डीएनएवरून ओळख नागपूरला होणार होती. माझ्याकडे काम होतं ते त्यातले जेवढे जमतील तेवढे जिवंत वाढवण्याचं. ताजी माती हाताशी हवी, म्हणून गावातच खोली घ्यावी लागली.

खोली एका साठी ओलांडलेल्या बाईंच्या घरात होती. घरामागे बोडी, म्हणजे लहानसा तलाव, आणि बोडीच्या पलीकडे त्यांचं धानाचं शेत, जे त्या ठेक्याने दुसऱ्याला देत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा-सून नागपूरला. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्यांनी मला सुरुवातीला मॅडम म्हटलं, मग आठवड्याच्या आत बाई, आणि मग अहोजाहोही सोडून दिलं.

पहिल्याच आठवड्यात त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या.

"एकट्या जिवाले इतकं काय शिजवून राहिली?"

"हे माह्यासाठी नाई मावशी. जिवाणूंचं जेवन हाये. स्टार्च, चायना ग्रास अना पानी, थंड झालं की खरवसावानी जमते. त्याच्यावर ते वाढतात."

त्यांनी कुकरकडे पाहिलं, मग टेबलावर मांडलेल्या काचेच्या ताटल्यांकडे. "अना तू काय जेवली?"

मी काही जेवले नव्हते. त्या दिवसापासून त्या माझ्याही वाटचा भात टाकू लागल्या.

जंगलात माझ्यासोबत वनखात्याचा एक वनमजूर यायचा. पहाडीच्या बाजूला अस्वलांचा वावर होता, एकटीने जायची परवानगी नव्हती. तो भला माणूस होता, पण बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. पायथ्याच्या दगडावर तंबाखू मळत बसायचा आणि मधूनमधून काठी आपटून आवाज करायचा, अस्वलासाठी आणि बहुधा माझ्यासाठीही. मी वर जाऊन झाडाखालचा पाला बाजूला करायचे, स्पिरिटने पुसलेल्या खुरप्याने माती काढायचे, पिशवीत भरायचे. आणि पिशवी बंद करण्याआधी वास घ्यायचे.

हे मी सरांना कधी सांगितलं नाही. वास हे काही मोजमाप नव्हे. पण मातीचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो मुळात मातीचा नसतोच, तो तिच्यात धाग्यांसारख्या वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो, आणि चुनखडीच्या मातीत ते जिवाणू उदंड. खालच्या मुरमाचा वास भिजल्या लाकडासारखा, कुबट. पहाडीवरच्या मातीचा गोडसर, बीट चिरताना येतो तसा. खोलीवर आल्यावर ती माती पाण्यात विरळ करून ताटल्यांवर पसरायची आणि थर्माकोलच्या पेटीत ठेवून वाट पाहायची. काही दिवसांनी खडूच्या भुकटीसारखे पांढरे-राखाडी ठिपके उठत. ताटलीचं झाकण उघडून वास घेऊ नये असं आम्ही विद्यार्थ्यांना बजावतो. मी रोज घ्यायचे. संध्याकाळी खोलीत दुसरं कुणी नसे, आणि एक झाकण उघडलं की सबंध पहाडी खोलीत यायची.

धानाची कापणी चालू होती तेव्हा मला ताप आला. अंग मोडून आलं, घसा धरला. मावशींनी दाराशी पेज ठेवली, तुळशीचा काढा ठेवला, आत यायला मीच नको म्हटलं. ताप उतरला, मी उठले, कामाला लागले. काही बिघडलंय हे माझ्या लक्षातच आलं नाही.

ते मावशींच्या लक्षात आलं. त्यांना सुकी मासोळी फार आवडायची. बोडीतल्या बारक्या मासोळ्या त्या उन्हात वाळवून ठेवत आणि चुलीवर भाजत. तो वास मला सोसत नसे. त्या भाजायला बसल्या की मी अंगणात निघून जायचे आणि त्या हसायच्या. एके दिवशी मी चुलीशेजारी बसून भात खात होते. तव्यावर मासोळ्या चरचरत होत्या. मावशींनी उलथणं हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"आज तुले वास नाई येऊन राहिला काय वं?"

मी श्वास ओढला. पुन्हा ओढला. तव्यावरून धूर उठताना दिसत होता. बाकी काही नव्हतं.

खोलीत जाऊन मी स्पिरिटची बाटली उघडली, कापूर हुंगला, कांदा चिरला. कांद्याने डोळ्यांत पाणी आलं, पण वास आला नाही. मग थर्माकोलची पेटी उघडली आणि एकेका ताटलीवर वाकले. ठिपके होते तसेच होते, टवटवीत, पिठूळ. त्यांना मी कुणी लागत नव्हते.

तुमसरच्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, तापानंतर होतं असं, येईल परत. कधी, ते सांगता येत नाही. भावाला फोन केला तेव्हा त्याच्याकडे सकाळची घाई होती. "डोळे-कान तर ठीक आहेत ना?" तो म्हणाला. त्याने ते धीर द्यायलाच म्हटलं होतं. मी "हो, ठीक आहेत" म्हटलं आणि बर्फ किती पडलाय ते विचारलं.

वास गेला की काय जातं, हे दुसऱ्याला सांगणं अवघड आहे. जेवण गिळायचं काम होऊन बसतं. स्वतःच्या अंगाला वास येतो की नाही ते कळत नाही, म्हणून मी थंडीत दोनदा अंघोळ करू लागले आणि तरी बसमध्ये कुणाशेजारी बसायला संकोचायचे. गॅस बंद आहे ना, दूध नासलं नाही ना, हे सारखं तपासायचं. आणि घर घरासारखं वाटेनासं होतं. सगळं जागच्या जागी दिसतं, पण जणू काचेच्या पलीकडे.

सर्वांत वाईट हे, की कामाचं काहीही अडलं नाही. मी आखलेल्या जागांवरून माती काढत होते, पिशव्या भरत होते, बर्फाच्या डब्यातून नळ्या तुमसरला आणि तिथून नागपूरला पाठवत होते. सर फोनवर म्हणाले, "काम व्यवस्थित चाललंय." ते खरंच व्यवस्थित चाललं होतं.

माझ्या कपड्यांच्या पेटीत बाबांचा दुपट्टा होता. शेतावर जाताना डोक्याला गुंडाळायचे तो. तंबाखू, घाम आणि धानाचा कोंडा असा मिळून एक वास होता त्याला. बाबा गेल्यावर मी तो धुतला नव्हता. मी तो रोज काढून बसायचे असं मुळीच नाही. वर्षभरात एकदाही काढला नव्हता. तो आहे, एवढं पुरे होतं. पण नाक गेल्यावर मला दुसरं काही सुचेना. एका दुपारी मी तो काढला, तोंडावर धरला, आणि नुसता सुती कपडा गालाला लागला.

मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी दुपट्टा घेऊन त्यांच्याकडे गेले.

"मावशी, याले वास येते का पाहा."

त्यांनी हात पदराला पुसले आणि दुपट्टा नाकाशी धरला. "कायचा?"

"तंबाखूचा. माह्या बाबाचा हाये."

त्यांनी दुसरं टोक हुंगलं, मग मधली घडी उलगडून तिथेही हुंगलं. खूप काळजीने हुंगलं, ते मला दिसत होतं. मग म्हणाल्या, "नाई बाई. डांबराच्या गोळ्याचा येते. पेटीचा."

"नीट पाहा नं."

"पायलं. तो वास गेला आता. कवाचाच गेला असंन."

मी दुपट्टा त्यांच्या हातातून ओढून घेतला. डांबरगोळ्या मीच टाकल्या होत्या, किडा लागू नये म्हणून. पण राग मला मावशींचा आला. येतो म्हणायला काय जात होतं? मला काय कळणार होतं? त्यानंतर मी त्यांच्याकडे जेवायला गेले नाही. माझ्या खोलीत खिचडी शिजवून खाल्ली. करपली होती हे ताटात काढल्यावर दिसलं. त्यांनीही बोलावलं नाही. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन चुली पेटायच्या, आणि त्यांच्या भांड्यांचा आवाज मला आणि माझ्या भांड्यांचा त्यांना ऐकू जायचा.

असं बरेच दिवस चाललं. मग माती काढायचा दिवस आला आणि नेमकं वनमजुराच्या घरी लग्न निघालं. माती त्याच आठवड्यात काढायला हवी होती. मी अंगणात उभी राहून दुसऱ्या कुणाला तरी फोन लावत होते, तेव्हा मावशी कुलूप हातात घेऊन बाहेर आल्या.

"मी येतो. चाल."

"तुमी? तेथी चढाव हाये, मावशी."

"मले नोको सांगू चढाव. ते पहाडी तुह्या जन्माआधीपासून मले ठावूक हाये."

त्यांनी घराला कुलूप लावलं, विळा कमरेला खोचला आणि पुढे चालू लागल्या. मी पिशव्यांचा डबा घेऊन मागून निघाले. पहाडी चढताना त्या दोनदा थांबल्या, दम लागला म्हणून नव्हे, इकडेतिकडे पाहायला. वर एका जुन्या कुलूच्या बुंध्याशी जाऊन त्यांनी पांढरट सालीवर तळवा ठेवला. तिथे वाळलेल्या जखमेचे काळे ओरखडे होते.

"डिंक काढाले येत होतो आमी दोघं," त्या म्हणाल्या. "थो चीर मारे, मी खाली द्रोन धरो. थो गेल्यापासून आजच आली."

मी पाला बाजूला करून खुरपं चालवलं. पिशवी भरली. सवयीने ती नाकाशी नेली आणि मध्येच थांबले. मावशी बघत होत्या. मी पिशवी त्यांच्यापुढे धरली.

"कसा वास येते सांगा."

त्यांनी हुंगलं. "मातीसारखा."

"तसं नाई. कसा म्हनजे कसा?"

"आता मातीले मातीसारखाच येईन नं बाई! आनखी कसा येईन?"

मला हसू फुटलं. ताप आल्यापासून मी हसले नव्हते, हे हसता हसताच ध्यानात आलं. मावशीही हसल्या. मग दगडावर बसल्या आणि पदराने मान पुसत म्हणाल्या, "तुले माहा राग आला, त्या दुपट्ट्याचा."

"तुमी हो म्हटलं असतं तं काय झालं असतं?"

"तू उद्या पुन्हा आनला असता. परवा पुन्हा. मी कितीदा खोटं बोलू?" मग त्या म्हणाल्या, "माह्या नवऱ्याचा आवाज मले आता याद नाई. चेहरा फोटोत हाये. काय काय बोले तेही सांगतो मी तुले. पन आवाज येत नाई. कोनाले इचारू? पोरालेही याद नाई, थो लहान होता."

 सालईची वाळकी पानं खाली पडत होती. मावशींनी डोळे मिटले नाहीत की पदर लावला नाही. त्या फक्त त्या कुलूकडे बघत राहिल्या. मी पुढच्या झाडाखाली गेले, पुढची पिशवी भरली. उतरताना त्यांनी माझ्या हातातला मातीचा डबा घेतला आणि मी घेऊ दिला. त्या रात्री जेवायला मला बोलावणं लागलं नाही.

त्यानंतर ताटल्या बघायला मावशी कधीकधी येऊन बसत. काही ठिपक्यांभोवती चुन्याचे बारीक स्फटिक जमत. चुनखडीतले काही जिवाणू हे करतात. भिंगातून पाहून त्या म्हणाल्या, "साखर सांडली." मातीतले सगळेच इथे वाढतात का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नाही, बरेचसे वाढतच नाहीत. शेजारच्याने केलेलं काहीतरी त्यांना लागतं, ते ताटलीत नसतं. म्हणून त्या महिन्यात मी काही ताटल्यांवर दोन-दोन जिवाणू शेजारी लावून पाहत होते. बहुतेक ठिकाणी काहीच झालं नाही. एका ताटलीवर मात्र एका राखाडी ठिपक्याच्या कडेला, अगदी त्याला खेटून, टाचणीच्या डोक्याएवढा पिवळसर ठिपका उठला. त्या कडेपासून दूर लावलेला तोच जिवाणू उठला नव्हता. मी तो मावशींना दाखवला, सरांना फोन केला. "छान. पाठवून द्या," सर म्हणाले. नागपूरला तो पुन्हा वाढला नाही. बरीच खटपट केली. त्याचं नाव काय, हे आम्हाला अजून ठरवता आलेलं नाही.

उन्हाळ्यात गावभर अंगणांत मोहाची फुलं वाळत पडली आणि माझं नाक जागं झालं, पण वाकडं. मोहाचा तो जड गोड वास मला जळक्या टायरासारखा आला. साबण सडका लागायचा, चहा लोखंडासारखा. मावशींना ते फार गमतीचं वाटायचं. त्या एकेक वस्तू आणून माझ्यापुढे धरायच्या आणि मी तोंड वाकडं केलं की टाळी द्यायच्या. सुक्या मासोळीचा मात्र मला मुळीच वास येईना, त्यामुळे ती मी त्यांच्याबरोबर पोटभर खाल्ली.

काम संपलं. जिवाणूंच्या नळ्या गोठवून नागपूरला गेल्या, मीही गेले. पहाडीवरच्या आणि मुरमाच्या वस्त्या खरंच खूप वेगळ्या निघाल्या; आम्ही त्यावर शोधनिबंध लिहिला, कुणी कुणी तो वाचलाही असेल. नाक हळूहळू सरळ झालं. हळद आली, फिनेल आलं, लोकांच्या जेवणाचे डबे आले. पहाडीची माती एका बाटलीत आहे. ती उघडली की काहीतरी गोडसर येतं, पण ते नाकातून येतं की आठवणीतून, हे मला खात्रीने सांगता येत नाही.

या वर्षी थंडीत मावशींच्या मुलाने त्यांना नागपूरला आणलं. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. त्यांनी मला फोन केला, "येऊन जाय." मी गेले. मुलगा-सून कामावर होते. मावशी सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या होत्या, उठायच्या बेतात असल्यासारख्या. सगळं चांगलं आहे म्हणाल्या. सून चांगली, पोरगा चांगला, गरम पाणी नळाला येतं. "पन दिवसभर कोनी बोलत नाई. टीव्ही बोलते." आणि मग हळूच, "माहं मन नाई लागून राहिलं."

पंधरवड्याने त्या परत निघाल्या. मुलाला सुटी नव्हती, म्हणून बसवर मी सोडायला गेले. तुमसरच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, काच सरकवून हात बाहेर काढला आणि माझं मनगट धरलं.

"आता तेथी तुहं काम नाई नं?"

"नाई, मावशी. संपलं."

"बिनाकामाचीच येजो मंग." कंडक्टरने घंटी मारली. "जेवत जाजो टायमावर."

गाडी वळून फाटकाबाहेर गेली. मला प्रयोगशाळेत जायचं होतं, तशी घाई मात्र नव्हती. मी फलाटावरच्या बाकावर बसले. थोड्या वेळाने शेजारी एक बाई येऊन बसली आणि तिने विचारलं, "तुमची कोणती गाडी?" मला कुठल्याच गाडीने जायचं नव्हतं, तरी मी भंडाऱ्याची म्हणाले. मग भंडाऱ्याची एक गाडी आली, भरली आणि गेली, आणि मी अजून तिथेच का बसले आहे असं त्या बाईच्या चेहऱ्यावर दिसायला लागलं, तेव्हा उठले.